चौघींचा फ्लॅट, चौघींची सही: कॅम्पसमधल्या सामायिक घरात कोण कशाला जबाबदार?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पारा ४५ च्या आसपास, आणि चार मुली ‘नो ड्यूज’चा फॉर्म घेऊन माझ्या टेबलासमोर उभ्या. त्यांच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराचा स्विचबोर्ड जळून काळा पडला होता. दुरुस्तीचा खर्च चौघींच्या डिपॉझिटमधून सारखा कापला गेला होता. त्यातली गोंदियाकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, मी तर चार महिने इंटर्नशिपला पुण्याला होती. त्या बोर्डाला मी हात पण नाही लावला. मग माझे पैसे काऊन कापले?”

मी तिला ‘नियम आहे’ एवढंच सांगितलं. ती काही न बोलता सही करून गेली. तिचा प्रश्न रास्त होता आणि माझं उत्तर अपुरं होतं. नंतर मी आमचे सगळे कागद पुन्हा वाचून काढले, एका वकील मैत्रिणीकडून समजून घेतले, आणि आता दर वर्षी नवीन मुलं-मुली आल्या की हे सगळं त्यांना बसवून सांगते.

मी नागपुरातल्या एका कॉलेजच्या निवासी संकुलात वॉर्डन आहे. खोल्यांची रांग असलेलं जुनं होस्टेल आणि त्याच्या शेजारी फ्लॅट पद्धतीच्या दोन इमारती, एक मुलींची, एक मुलांची. एका फ्लॅटमध्ये दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर, बाथरूम, आणि राहायला चौघं. होस्टेलमध्ये झाडू मारायला माणूस येतो, जेवण मेसमध्ये होतं, ट्यूब गेली तर रजिस्टरमध्ये लिहिलं की झालं. फ्लॅटमध्ये यातलं बरंचसं राहणाऱ्यांवर येतं. गडचिरोली, यवतमाळ, चंद्रपूरहून आलेली १८-१९ वर्षांची मुलं पहिल्यांदाच ‘घर’ चालवत असतात, तेही काल-परवा ओळख झालेल्या तिघांबरोबर.

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती सहीची.

समजा चार मित्रांनी त्रिमूर्तीनगरात १६,००० रुपये महिन्याने फ्लॅट घेतला आणि एकाच करारावर चौघांनी सह्या केल्या. प्रत्येकाच्या डोक्यात हिशेब असतो: माझा वाटा ४,०००, तेवढे दिले की मी मोकळा. घरमालकाच्या बाजूने तसं नसतं. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचं ४३ वं कलम सांगतं की अनेकांनी मिळून एक वचन दिलं असेल आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर समोरचा माणूस त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून पूर्ण वचन पाळून घेऊ शकतो. म्हणजे घरमालक एकट्या तुमच्याकडे १६,००० मागू शकतो. तुम्ही ते भरले की बाकी तिघांकडून प्रत्येकी ४,००० वसूल करण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. आणि एक जण फोन बंद करून निघून गेला तर? त्याची तूट उरलेल्यांनी सारखी वाटून घ्यायची. १६,००० भागिले ३, म्हणजे प्रत्येकी ५,३३३ रुपये. पळालेल्याकडून नंतर वसूल करता येतं, पण मालकाला ‘तो गेला, त्याचे त्याच्याकडून घ्या’ असं सांगता येत नाही.

म्हणून मुलांना मी एकच वाक्य लक्षात ठेवायला सांगते: आपसात वाटे असतात, बाहेरच्यासाठी आपण सगळे मिळून एक असतो.

कॅम्पसमधल्या फ्लॅटचं थोडं वेगळं आहे. तिथे सहसा प्रत्येकाला स्वतंत्र अलॉटमेंट पत्र मिळतं आणि फी ज्याची त्याची असते. शेजारणीची फी थकली म्हणून तुमच्याकडे कोणी मागत नाही. पण त्याच पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक अट असते: सामायिक जागेतलं नुकसान कोणी केलं हे कळलं नाही, तर ते राहणाऱ्या सगळ्यांकडून सारखं वसूल होईल. बेडरूमचा पलंग मोडला तर त्या दोघी, हॉल-किचन-बाथरूममधलं काही मोडलं तर चौघी. गोंदियाच्या मुलीचे पैसे गेले ते या अटीमुळे. ती पुण्यात होती हे खरं, पण फ्लॅट तिच्या नावावर चालू होता, तिची किल्ली तिच्याजवळ होती, आणि ती बाहेर असल्याची लेखी नोंद आमच्याकडे नव्हती. तशी नोंद असती तर तिला वगळता आलं असतं. आता आम्ही त्यासाठी एक साधा अर्ज ठेवला आहे: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी राहणार नाही, किल्ली जमा केली आहे. पंधरा दिवसांच्या वर कुठे जात असाल तर तुमच्या संस्थेत असा अर्ज नसला तरी साध्या कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या.

आणखी एक गैरसमज. कॅम्पसमध्ये तुम्ही भाडेकरू नसता. तुम्हाला असते ती राहण्याची परवानगी. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, ज्याला इंग्रजी नावाने ईझमेंट्स अ‍ॅक्ट म्हणतात, या परवानगीची व्याख्या आहे: दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची मुभा, त्या जागेवर हक्क नव्हे. म्हणून संस्था तपासणीला येऊ शकते, दुसरा फ्लॅट देऊ शकते, आणि तुम्ही सुटीत आपला पलंग मित्राला ‘भाड्याने’ देऊ शकत नाही. पण परवानगी आहे म्हणजे कोणीही केव्हाही दार ढकलून आत यावं असं नाही. तपासणीची वेळ, सोबत कोण असेल, हे नियमावलीत लिहिलेलं असावं, आणि नसेल तर विचारा.

कॉलेजबाहेर बजाजनगर, प्रतापनगरकडे फ्लॅट घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीचा, करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला’ हे चूक आहे. वर्गात कोणी अजून १७ वर्षांचं असेल तर त्याची सही करारात चालत नाही, त्याच्या आई-वडिलांची लागते.

आता पहिला दिवस. सामान उघडण्याआधी मोबाइल काढा आणि दारापासून सुरुवात करून सगळ्या घराचे फोटो घ्या. तडा गेलेली टाइल, गळणारा नळ, हलणारी कडी, गीझरवरचा गंज. ऑफिस तुम्हाला वस्तूंची यादी देतं आणि मुलं ती न वाचता सही करतात, कारण खाली बाबा गाडी लावून थांबलेले असतात. दहा मिनिटं लागू द्या. पंखे तीन लिहिलेत आणि दोनच फिरतात, तर सहीच्या वर तसं लिहा. फोटो त्याच दिवशी चौघींच्या ग्रुपवर आणि ऑफिसच्या ईमेलवर टाका. जुनं नुकसान तुमच्या नावावर न पडण्याचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

तो बोर्ड जळाला कसा, हेही सांगायला हवं. घरातले सॉकेट दोन प्रकारचे असतात. लहान ६ अँपिअरचे, मोठे १६ अँपिअरचे. आपल्याकडे वीज २३० व्होल्टने येते, म्हणून लहान सॉकेट जास्तीत जास्त १,३८० वॅट झेलू शकतं. इंडक्शनची शेगडी २,००० वॅटची, म्हणजे ती जवळजवळ ९ अँपिअर ओढते. त्या मुलींनी मल्टिप्लग लावून इंडक्शन लहान सॉकेटवर चालवलं. रोज थोडं थोडं तापत प्लास्टिक वितळलं आणि एके संध्याकाळी धूर निघाला. मॅगी करणारी एकटीच होती, पण ‘हा मल्टिप्लग गरम लागतो’ हे आधी तिघींच्या लक्षात आलं होतं आणि कोणीच तक्रार लिहिली नव्हती. नुकसान करणं ही एक गोष्ट. दिसत असलेलं नुकसान न कळवणं ही दुसरी, आणि सामायिक घरात जास्त महाग पडते ती दुसरी. इंडक्शन, गीझर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड: सगळे मोठ्या सॉकेटवर, आणि एका वेळी एक.

विजेच्या बिलावरून जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरूनच होत नाहीत, म्हणून हे जरा सावकाश सांगते. एक हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. २०० वॅटचा कूलर रोज बारा तास चालला तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. दीड टनाचा एसी रोज आठ तास चालला, तर कॉम्प्रेसर मध्ये मध्ये थांबतो हे धरूनही महिन्याला २४० च्या आसपास जातो. महावितरणच्या घरगुती बिलात दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली १०० युनिटं सगळ्यांत स्वस्त, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, त्यापुढे आणखी महाग.

धरा, एका फ्लॅटचं एसीशिवायचं बिल २०० युनिटांचं येतं. मग एका खोलीतल्या दोघांनी एसी लावला आणि ते ४४० झालं. वाढलेली २४० युनिटं स्वस्त टप्प्यातली नाहीत. त्यातली १०० दुसऱ्या टप्प्यात पडतात आणि १४० तिसऱ्या, महाग टप्प्यात. आता एकूण बिलाला ४४० ने भागून सरासरी दर काढला आणि ज्याची त्याची युनिटं मोजली, तर दिसायला हिशेब बरोबर वाटतो. पण पंख्याखाली झोपणाऱ्या दोघांनाही वाढलेल्या सरासरी दराने पैसे भरावे लागतात. मला हे अन्यायाचं वाटतं. योग्य पद्धत अशी: एसी नसता तर बिल किती आलं असतं ते त्याच दराने काढायचं आणि चौघांत वाटायचं. वरचा सगळा फरक एसीवाल्यांनी द्यायचा. एसीच्या लाइनवर छोटा सब-मीटर बसवला की हे महिन्याच्या महिन्याला पाच मिनिटांत होतं. संस्था सरसकट एकाच दराने बिल लावत असेल तर टप्प्यांचा प्रश्न येत नाही, युनिटं मोजली की पुरे. आणि हे एसी लावण्याआधी ठरवा. बिल हातात आल्यावर ठरवायला बसलात तर मैत्री राहत नाही, हे मी दर जूनमध्ये बघते.

आता कूलर. नागपुरात होळी झाली की कूलर निघतात आणि दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कोणाचा तरी जीव गेल्याची बातमी येते. लोखंडी पत्र्याचं अंग, आत पाण्याचा पंप, खाली सांडलेलं पाणी आणि अनवाणी पाय. पंपाच्या वायरीचं आवरण कुठे चिरलं असेल तर वीज पत्र्यात उतरते. अर्थिंग नीट असेल तर ती जमिनीत निघून जाते, नसेल तर हात लावणाऱ्याच्या शरीरातून जाते. म्हणून तीन पिनांचाच प्लग लावा. जाड पिन तोडून दोन पिनांत घुसवलेला प्लग दिसला तर तो कूलर बंद करा आणि कळवा. मुख्य बोर्डात गळती पकडणारा ब्रेकर आहे का हे इलेक्ट्रिशियनला विचारा. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो, आणि त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं असतं. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. पाणी भरायची पाळी जिची असेल तिने भरावं, पण प्लग काढण्याचा नियम चौघींना पाठ असला पाहिजे, कारण एकीने ‘मी पाणी भरून राहिली’ असं न सांगता पाइप धरला आणि दुसरीने बटण दाबलं, एवढंच पुरतं.

उन्हाळा सरला की तोच कूलर डेंग्यूचं घर होतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्याजवळ अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करायची ती त्यासाठी. नुसतं पाणी ओतून दिलं की झालं असं मुलांना वाटतं. पण अंडी पाण्याच्या रेषेच्या वर टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही काही महिने तग धरतात. ब्रशने घासायला हवं. एका फ्लॅटच्या टाकीतला डास वरच्या मजल्यावरच्या मुलाला चावतो, त्यामुळे ही जबाबदारी फ्लॅटच्या दाराशी संपत नाही.

स्वयंपाकघराबद्दल फार लिहीत नाही. गॅस असेल तर निघताना आणि झोपताना रेग्युलेटर बंद. गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो. वास आला तर दिवा-पंख्याचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा. खाण्यावरून वाद झाला तर माझं मत स्पष्ट आहे: कोणाच्या ताटात काय असावं हे ठरवण्याचा हक्क दुसऱ्याला नाही. कोणी सावजी रस्सा आणेल, कोणी उपासाचं करेल. भांडं घासून ठेवणं, ओटा पुसणं, फ्रिजमध्ये झाकून ठेवणं ही अपेक्षा मात्र सगळ्यांकडून सारखी.

पाळ्यांचा कागद फ्रिजवर लावा. झाडू, बाथरूम, कचरा, पाणी. ओला आणि सुका कचरा वेगळा द्यायचा. घरी आईनं, बहिणीनं केलं म्हणून ज्यांना आजवर बाथरूम घासावं लागलं नाही अशी बरीच मुलं येतात. शिकायला एक रविवार लागतो. ‘मला येत नाही’ हे कारण पहिल्या महिन्यानंतर आम्ही ऐकून घेत नाही.

यातूनच एक गंभीर गोष्ट निघते. फ्लॅटमध्ये सीनियर-ज्युनियर एकत्र असतील तर हळूहळू सगळ्या पाळ्या ज्युनियरच्या गळ्यात पडतात, मग सीनियरचे जर्नल, मग रात्रीच्या पार्टीचा खर्च. ‘आमच्या वेळी आम्हीही केलं’ असं सांगितलं जातं. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी रॅगिंगची जी व्याख्या केली आहे, तिच्यात ज्युनियरकडून आपलं अभ्यासाचं काम करून घेणं आणि त्याच्यावर जबरदस्तीने खर्च टाकणं या दोन्ही गोष्टी येतात. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय कॉलेजातून काढलं जातं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रारीसाठी देशभराचा क्रमांक १८००-१८०-५५२२. बंद दाराआडच्या फ्लॅटमध्ये वॉर्डनला हे दिसत नाही. बघणारा चौथा मुलगा असतो, आणि त्याने गप्प बसू नये असं मला मनापासून वाटतं.

पाहुण्यांचं नागपुरात विशेष आहे. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. कोणाचे चुलत भाऊ, कोणाच्या गावची मंडळी शहरात उतरतात आणि ‘एक रात्र तुझ्याकडे’ म्हणतात. आपल्या माणसाला नाही म्हणवत नाही, आणि तसं म्हणावंही लागू नये. आठ दिवस आधी ऑफिसला नावं कळवा, आधार कार्डाची प्रत द्या, फ्लॅटमधल्या तिघांना विचारा. आम्ही त्या दिवसांत हॉलमध्ये गाद्यांची सोय करतो, बऱ्याच संस्था मागितलं तर करतात. न सांगता आणलेल्या पाहुण्याने काही केलं तर त्याचं उत्तर यजमानाला द्यावं लागतं. रात्री दहानंतर आवाजाचं बंधन पाहुण्यांनाही लागू आहे.

कोणत्याही पत्रावर नसलेली एक जबाबदारी उरते. होस्टेलच्या मेसमध्ये एखादी दोन दिवस दिसली नाही तर कोणीतरी विचारतं. फ्लॅटमध्ये दार लोटलेलं राहतं आणि उरलेल्यांना वाटतं, अभ्यास करत असेल. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा तीन दिवस तापाने पडून होता. रूममेट्स परीक्षेत होते, जाता-येता ‘बरा आहेस ना’ विचारत होते आणि तो ‘हो’ म्हणत होता. चौथ्या दिवशी त्याला उचलून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, न्यावं लागलं. तो बरा झाला. तेव्हापासून चौघांनी एकमेकांच्या घरचा एक फोन नंबर, रक्तगट आणि चालू औषधं फ्रिजवरच्या कागदावर लिहावीत असा आग्रह मी धरते. कोणी जेवत नसेल, झोपत नसेल, सगळं सोडून देण्याची भाषा बोलत असेल तर त्याचं गुपित सांभाळत बसू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. वॉर्डनला रात्री दोनला उठवलं तरी चालतं. माझं काम तेच आहे.

सोडून जाताना सगळ्यांत आधी मीटरच्या रीडिंगचा फोटो घ्या, मग घराचे फोटो, पहिल्या दिवसाच्या क्रमाने. मध्येच सोडत असाल तर तुमच्या जागी येणाऱ्याला वस्तूंची यादी दाखवून तिघांच्या सह्या घ्या, नाहीतर वर्षअखेरीला जुना हिशेब तुमच्यामागे येतो. किल्ली मैत्रिणीकडे ठेवून जाऊ नका, ऑफिसात जमा करून पावती घ्या. फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवा. कूलरची टाकी घासून वाळवा, पंप काढून आत ठेवा, वरून पोतं बांधा. जुलैत त्या घरात दुसऱ्या चौघी येतात आणि होळीनंतर तो कूलर पुन्हा खिडकीत चढतो.